आर खोऱ्यातील सफरचंदे

ज्या मद्याविषयी हे प्रकरण आहे त्याचा एक थेंबही मी कधी चाखलेला नाही, आणि ते जिथे तयार होते ते खोरेही मी पाहिलेले नाही. तरीही त्या खोऱ्याची जितकी वर्णने मी केली तितकी आमच्या नागपुरात दुसऱ्या कोणी केली असतील असे वाटत नाही. त्यांतले बहुतेक काही खरे नव्हते. यापूर्वीच्या प्रकरणांत मी माझ्या बुजरेपणाविषयी पुष्कळ लिहिले आहे, आणि आता ती पाने चाळताना लक्षात येते की लिहिता लिहिता मी त्याचे कौतुकच करून घेतले आहे. बुजऱ्या माणसाच्या हातून कोणाचे वाईट होत नाही असा एक समज असतो. तो मलाही सोयीचा होता. निवृत्तीनंतर, लिहिण्याची सवय नसलेल्या हाताने, मी हा सगळा खटाटोप आरंभला तो खरे तर या एका प्रकरणासाठी. आणि तेच मी इतके दिवस पुढे ढकलत आले.

बाबा मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. घरचा हातमाग धाकट्या भावाच्या हवाली करून ते नागपूरच्या एका गिरणीत लागले आणि साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर म्हणजे मुकादम होऊन निवृत्त झाले. आमच्या गल्लीतही तेव्हा घरोघरी माग होते. सकाळी गिरणीचा भोंगा होण्याआधी त्यांची खटखट सुरू होई, आणि ती ऐकूनच बाबा अंथरुणात पडल्या पडल्या सांगत, "नारायणच्या मागाचा धोटा अडकून राहिला. त्याले म्हणा, तेल दे." आयुष्यभर धागे मोजलेले त्यांचे डोळे काचबिंदूने हळूहळू गेले, आधी कडेचे, मग समोरचे. मी बी. ए. होईपर्यंत त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत असे. त्यांची बोटे मात्र शेवटपर्यंत पाहत राहिली. आईच्या लुगड्याचा पदर चिमटीत धरून ते सूत कितीचे आहे ते सांगत आणि सहसा चुकत नसत.

दारूविषयी बाबांचे मन कसे होते हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. उमरेडचा तो धाकटा भाऊ, माझा काका, मोहाच्या दारूने गेला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, विणत असलेल्या कापडावर डोके टेकून बसलेला तो सकाळी सापडला. ते कापड बाबांनी नागपूरला आणले, तीनदा धुतले; मोहाचा वास गेला नाही. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी ते वस्तीवस्तीतून फिरून दारूच्या विरोधात बोलू लागले. दृष्टी गेल्यावरही माझ्या खांद्यावर हात ठेवून जात. बाबा येत आहेत असे कळले की गल्लीतले काहीजण घाईघाईने पेरूची पाने चघळू लागत, आणि बाबा त्यांच्याजवळून जाताना म्हणत, "काहून बापा, आज बकरीसारखा पाला खाऊन राहिला?" लोक हसत. पण कोणाच्या घरी लग्नात बाटली फुटल्याचे कळले, तर बाबा त्या घरी पुढे पाणीही पीत नसत.

माझा थोरला भाऊ मनोहर, ज्याला मी दादा म्हणे, कोराडीच्या वीजकेंद्रात इंजिनीअर होता. बसमधून उतरून तो घरी आला की त्याच्या कॉलरवर राखेची करडी रेघ असे. ती पाहिल्याबरोबर आई पाणी तापवायला ठेवी. रविवारी ती पाटवडीचा रस्सा करी, इतका झणझणीत की जेवताना चौघांच्याही डोळ्यांतून पाणी येई आणि कोणाला काही बोलायचे सुचत नसे. आमच्या घरातली सर्वांत सुखाची शांतता तीच. त्या दिवसांत मी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी संशोधनासाठी मला विद्यार्थिनी म्हणून घेण्याचे कबूल केले होते. दादा घरी असला तर मला जाता येणार होते. आईबाबांना एकटे टाकून जाणे शक्य नव्हते. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिते आहे. पुढे जे मी केले ते बाबांच्या काळजीपोटी केले, असे मी पुष्कळांना सांगितले. पण ते अर्धेच खरे होते.

दादाला दीड वर्षाच्या प्रशिक्षणासाठी पश्चिम जर्मनीला पाठवले. बरोबर कोराडीचेच बोरकर नावाचे सहकारी होते. दादाची पत्रे येऊ लागली आणि आमच्या घरात पत्रवाचनाचा एक विधीच ठरून गेला. दुपारी टपाल आले तरी पत्र फोडायचे नाही. दिवेलागणीला बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसत, शेजारपाजारचे चार जण येत, आई उंबऱ्याशी सूप घेऊन बसे, आणि बाबा म्हणत, "वाच वं सुमे. सावकाश वाच, घाई नको करू." मग मी पाकीट फोडून पहिल्यांदाच ते पत्र पाही, आणि पाहता पाहताच सर्वांना ऐकवी. चार माणसांत एरवी माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पण हातात कागद असला की माझा आवाज स्वच्छ निघे. बाबांना माझ्या वाचण्याचा अभिमान होता. उत्तरही तसेच, ते सांगत, मी लिहून घेई.

तिसऱ्या की चौथ्या पत्रात ते खोरे आले. दादा सुट्टीच्या दिवशी पेटर नावाच्या एका वृद्ध मळेवाल्याकडे मदतीला जाऊ लागला होता. त्याने लिहिले होते: "इथे आर नावाची नदी आहे, नदी म्हटली तरी पात्र आपल्या नाग नदीहून फार मोठे नाही. दोन्ही काठांना उभे कडे आहेत आणि ते पाटीच्या दगडाचे. आपण शाळेत ज्यावर मुळाक्षरे गिरवली तीच पाटी. त्या कड्यांना पायऱ्या पाडून द्राक्षवेली लावल्या आहेत. हा प्रदेश इतका थंड आहे की काळे द्राक्ष इथे पिकूच नये. पण दगड दिवसभर मिळेल तेवढे ऊन धरून ठेवतो आणि रात्री वेलीला परत देतो. त्या द्राक्षाची तांबडी वाईन होते. रंग फिका, जांभळाच्या रसात पाणी घातल्यासारखा; वास ओल्या मातीचा आणि आंबट बोरांचा. काल जेवताना पेटरने मला अर्धा पेला दिला. नाही म्हणणे अवघड होते."

मी "द्राक्षवेली" या शब्दापाशी थांबले. ओट्यावर शेजारचे नारायणकाका होते, त्यांची सून होती, आणि बाबा मान किंचित वाकडी करून ऐकत होते. पुढची ओळ माझ्या डोळ्यांना आधीच दिसली होती. मी म्हणाले, "त्या कड्यांना पायऱ्या पाडून सफरचंदाची झाडे लावली आहेत." एवढेच. दगडाचे ऊन मी तसेच वाचले, कारण ते मला फार आवडले होते. बाबांनाही आवडले. "पाह्य नारायणा," ते म्हणाले, "आपल्या इथी ऊन डोक्यावर ओतून राहिलं, अन् तिथी गोटे ते जपून ठेवतेत." दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सगळ्या गल्लीत झाली होती.

त्यानंतर दादाच्या पत्रांत द्राक्षांशिवाय फारसे काही नसे. एप्रिलात पुन्हा दहिवर पडून, गोठून, कोवळे कोंब कसे जळतात. एकेका वेलीला एकेक खांब कसा देतात. ऑक्टोबरात पाठीला टोपली बांधून त्या कड्यावरून उतरताना गुडघे कसे थरथरतात. पेटर कसा म्हणतो की उन्हाच्या देशात द्राक्ष आपोआप गोड होते, त्यात माणसाचे काय कर्तृत्व, इथे ते मिनतवारीने पिकवावे लागते. मी हे सर्व सफरचंदांच्या नावाने वाचत गेले. दहिवराने सफरचंदाचा मोहोर जळे, टोपल्यांतून सफरचंदे उतरत, आणि पेटरकडच्या पिंपांत काय भरतात असे नारायणकाकांनी विचारले तेव्हा मी "मुरंबा" असे सांगितले. दुपारी घर निजलेले असताना मी ट्रंकेतून पत्रे काढून खरी वाक्ये पुन्हा वाची. त्या थंड खोऱ्याचा मला लळा लागला होता. ते दोन जणांचे होते, दादाचे आणि माझे. इतरांना मी दुसरेच काहीतरी दाखवत होते, आणि त्यात, कबूल केले पाहिजे, मला एक लपवलेला आनंद होता.

आईला अक्षरओळख नव्हती. एकदा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "तू वाचतं तं तुझे डोळे चालून राहतेत अन् तोंड उभं राहते."

मी चुलीत लाकूड सारले.

"काय आहे ते मले नको सांगू," ती म्हणाली. "मी त्यायच्यापासून काही लपवत नाही. पन तू त्यायले एखाद्या दिवशी सांगून दे. लवकर सांगतलं तं राग लहान असते."

त्यानंतर दोनच आठवड्यांनी ते पत्र आले. पेटरची मुलगी हेल्गा. दादाला तिच्याशी लग्न करायचे होते. पेटरला मुलगा नव्हता, गुडघे गेले होते, मळा पुढे कोण पाहणार हा प्रश्न होता. दादाने लिहिले होते: "बाबा, मी द्राक्षाच्या मळ्यात राहणार आणि वाईन करणार, म्हणजे तुमच्या लेखी काय करणार, हे मला ठाऊक आहे. काकांचे ते कापड मी विसरलेलो नाही. तुम्ही 'परत ये' म्हणालात तर मी परत येईन. शिव्या दिल्यात तर ऐकून घेईन आणि पुन्हा विचारीन. पण तुम्ही स्वतः बोला. सुमे, ते जे बोलतील ते जसेच्या तसे लिही, एक शब्दही गाळू नकोस."

ओट्यावर त्या दिवशी सहा जण होते. आई सुपात तांदूळ निवडत होती. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नजर फिरवली, आणि वाचले, "प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढले आहे. प्रकृती उत्तम आहे. सर्वांना नमस्कार." आईचा हात सुपात थांबला. बाबा म्हणाले, "एवढंच?" मी म्हणाले, "घाईत लिहिलेले दिसते." त्यांनी सांगितलेले उत्तर मी लिहून घेतले. त्यात थंडीत कान बांधत जा असे होते, आणि येताना त्या सफरचंदाच्या बिया आण, उमरेडच्या वाडीत लावून पाहू, असे होते. बियांचे वाक्य मी लिहिले नाही. खाली माझ्या अक्षरात, माझ्या नावाने, चार ओळी घातल्या: बाबांची प्रकृती बरी नाही, आत्ता हा विषय काढणे योग्य होणार नाही, तू आधी घरी ये. मला वाटले, तो आला की सगळे आपोआप मार्गी लागेल, आणि मी पुण्याला जाईन.

आता नागपुरातल्याच हुडकेश्वरच्या माझ्या घराच्या गॅलरीत बसून मी हे लिहिते, तेव्हा समोरच्या रस्त्यावरून शिकवणीला जाणाऱ्या मुली दिसतात. त्यांच्या वयाची मी होते म्हणून मी स्वतःला क्षमा करावी असे एकदा एका मैत्रिणीने सुचवले. पण मी लहान नव्हते. मी चांगली शिकलेली होते, आणि संहितेत एक शब्द बदलला तर अर्थाचे काय होते यावर परीक्षेत भरपूर लिहून आले होते.

दादा आला नाही, बोरकर आले. मे महिना होता. खिडकीला वाळ्याची ताटी होती, आई तिच्यावर पाणी शिंपडत होती, आणि बाबा खाटेवर उघड्या अंगाने बसले होते. बोरकरांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली, आणि त्याआधी, दारातच, माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. मी ती तिथेच वाचली. "ही गेल्या हंगामाची. या वेली मी स्वतः छाटल्या होत्या. बाबांनी ती प्यावी असे मी कधीच म्हणणार नाही. माझे लग्नाचे पत्र त्यांना वाचून दाखव, हे काय आहे ते सांग, आणि मग बाटली त्यांच्या हातात दे. घेतली तर आशीर्वाद समजेन. नाही घेतली तर तेही समजेन. तू फक्त काय झाले ते कळव."

"मनोहरनं पाठवलं, काका," बोरकर म्हणाले. "त्याच्या हातचं आहे."

"हातचं?" बाबांनी दोन्ही हात पुढे केले. "द्या इकडं. काय आहे?"

बोरकरांनी माझ्याकडे पाहिले. घरात काय ठाऊक आहे आणि काय नाही, याची त्यांना कल्पना नव्हती; ते गोंधळले. सांगायचे असते तर तोच क्षण होता. मी म्हणाले, "सफरचंदाचे सरबत आहे बाबा."

बाबांनी बाटली मांडीवर घेतली. तिच्या मानेवरून, खांद्यावरून, लेबलाच्या कडांवरून त्यांची बोटे फिरली. बुडाशी आत गेलेला खळगा होता, त्यात त्यांनी अंगठा घालून पाहिला आणि हसले. "बूड पाह्य कसं आत घेतलं. कारागीर लोक हाये." मग म्हणाले, "उघड वं. सगळ्यायले घोट घोट दे. नारायणले बलाव. आपल्या मन्याच्या हातचं आहे."

बोरकर जागच्या जागी ताठ झाले. आई ताटीकडे तोंड करून तशीच उभी होती. हातातल्या तांब्यातून पाणी जमिनीवर गळत होते. मी म्हणाले, "दादाने लिहिले आहे की तो आल्यावर उघडायचे."

"बरं," बाबा म्हणाले. "मंग तो आल्यावरच उघडू." आणि बाटली परत देण्याआधी आणखी बराच वेळ ती त्यांनी तशीच मांडीवर ठेवली.

दादाला मी त्याच आठवड्यात लिहिले. एकच वाक्य महत्त्वाचे होते: बाबांनी बाटलीला हात लावला नाही. माझा हिशेब असा होता की हे वाचून तो सगळे टाकून पहिल्या विमानाने येईल, बाबांच्या पायांशी बसेल. मी त्याला ओळखते असे मला वाटत होते. अडीच महिन्यांनी त्याचे लहानसे पत्र आले. त्याने लग्न केले होते. "बाबांचा निर्णय मला कळला. त्यांना पुन्हा त्रास देणार नाही," असे त्यात होते. मी ओट्यावर वाचले, "काम फार आहे. रजा मिळत नाही."

पुढचे वर्ष तसेच गेले. पत्रे तुरळक झाली. जी येत त्यांत वाचण्यासारखे काही नसे, म्हणून मी मनाने रचून वाची. बाबांना खोऱ्यातल्या हवामानाची इतकी काळजी वाटे की मला दर वेळी दहिवर नाहीतर चांगले ऊन पाडावे लागे. बाटली माजघरातल्या फळीवर उभी होती, वरच्या तापलेल्या पत्र्याच्या थेट खाली. त्या थंड खोऱ्यातली वस्तू कशी ठेवायची असते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्या अशाच उभ्या असत. बाबा रोज भिंतीच्या आधाराने तिथवर जात आणि धोतराच्या सोग्याने ती पुसत.

दुसऱ्या मे महिन्यात उष्णतेने बूच वर सरकले. मी स्वयंपाकघरात होते. बाबा आंघोळ करून माजघरातून चालले होते, ते मध्येच थांबल्याचे मला दिसले. फळीवरून एक तांबडा ओघळ भिंतीवर उतरला होता आणि खाली ठिपके पडत होते. आंबूस, उग्र वास साऱ्या घरात होता. बाबांनी हात पुढे करून भिंत चाचपली, ओली बोटे नाकाशी नेली, आणि बराच वेळ तशीच धरली.

"सुमे," ते म्हणाले, "हे सफरचंद नाही."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"मोहाची नाही. पन दारू आहे. मले सांगतलं तुमी सरबत." ते आवाज न चढवता बोलत होते. "मन्यानं मले खोटं सांगतलं. दारू पेत असन तं पेओ लेकाचा, थंडीचा मुलूख आहे. मी भांडलो असतो, चार महिने बोललो नसतो. पन आंधळ्या बापाले खोटं काहून सांगाव?"

आई चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिले. बोलायचे होते ते मला; तिने वाट पाहिली. खोटे दादाने नाही, मी सांगितले, एवढे पाच शब्द होते. मी फडके आणले आणि भिंत पुसायला लागले. बाबा तिथेच उभे राहून माझ्या पुसण्याचा आवाज ऐकत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता त्याचं पत्र आलं तं वाचू नको."

मी वाचले नाही. त्या रविवारपासून त्यांनी वस्त्यांमधून बोलणेही बंद केले. कोणी विचारले तर म्हणत, "घरातलं सांभाळता आलं नाही, गावाले काय सांगू." ओट्यावरची खुर्ची आत आली. नारायणकाकांच्या मागाचा धोटा अडकला तरी ते काही म्हणत नसत. दीड वर्षाने ते गेले. निमोनियाचे निमित्त झाले. दादाला तार केली ती बोरकरांनी. मी पुण्याला गेले नाही. शहरातल्याच एका महाविद्यालयात शिकवायला लागले आणि आई असेपर्यंत तिच्याजवळ राहिले, म्हणजे जे टळावे म्हणून हे सर्व केले तेच केले.

दादा आला तो दिवसकार्य होऊन गेल्यावर, एकटाच. केस विरळ झाले होते, तळहात शेतकऱ्याचे झाले होते. आईने त्याचे हात हातात घेतले, उलटेसुलटे पाहिले. मग ती सहज म्हणाली, "सफरचंदाचं झाड लय काटेरी असते काय गा?"

"कोणतं सफरचंद?" दादा म्हणाला.

मला वाटते त्या वेळी आईने सांगायचे ठरवले. "तुझ्या खोऱ्यातलं," ती म्हणाली. "सुमी वाचत होती ना. तू बाटली पाठवली होती त्या सफरचंदाची. त्यायनं दोन्ही हातानं धरली होती. मांडीवर घेऊन बसले होते लहान पोरासारखी. रोज पुसत होते."

दादाने माझ्याकडे पाहिले. "तू लिहिलं होतंस, हात लावला नाही म्हणून."

"हो," मी म्हणाले.

"माझं लग्न?"

"नाही वाचलं."

त्याने पत्रांची पेटी मागितली. दुपारभर तो स्वतःचीच पत्रे वाचत बसला. एखादे वाचून झाले की नीट घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवी. संध्याकाळी त्याने मला विचारले, "शेवटी त्यांना काय वाटत होतं माझ्याबद्दल?" भिंतीपाशी बाबा जे बोलले होते ते मी सांगू शकले. बहुधा माझ्या आयुष्यात कोणाचे म्हणणे मी जसेच्या तसे पोचवले ते तेवढेच. ऐकून झाल्यावर तो उठला आणि हातपाय धुवायला गेला. आठ दिवस तो घरी होता. माझ्याशी नेहमीसारखा बोले, मीठ दे, दार लाव, असे. रागाचा एक शब्दही काढला नाही.

तो परत गेला आणि दोन महिन्यांनी एका रविवारी बोरकर आले. खिशातून त्यांनी परदेशी तिकिटाचे पाकीट काढले. कोराडीच्या वसाहतीतला त्यांचाच पत्ता त्यावर होता. "ताई," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मनोहरनं लिहिलं का आईले पत्र मीच वाचून दाखवावं. मी म्हटलं त्याले, ताई असताना काहून... पन त्याचं तसं म्हणणं आहे."

मी म्हणाले, "बसा. मी चहा ठेवते."

स्वयंपाकघरातून मला सगळे ऐकू येत होते. बोरकर अडखळत वाचत, जोडाक्षरांवर थांबत, ओळ चुकली की मागे जात. पण काही सोडत नव्हते. द्राक्षे यंदा उशिरा पिकली. हेल्गाला सातवा महिना आहे. वाईन पिंपात भरून झाली.

"वाइन म्हणजे?" आईने विचारले.

"दारूच ते, काकू," बोरकर चाचरत म्हणाले. "द्राक्षाची."

"अस्सं," आई म्हणाली. "बरं. पुढं वाच."

चहाचे कप घेऊन मी बाहेर गेले तेव्हा बोरकरांनी वाचणे थांबवले, आणि कप ठेवून मी परत आत जाईपर्यंत ते पुन्हा सुरू झाले नाही.